चमच्यावरची तारीख

मराठीत चमच्याला फारशी प्रतिष्ठा नाही. पळीला आहे; ती देवघरात पंचपात्राशेजारी बसते. डावाला आहे, पंगतीत डाव ज्याच्या हाती असतो, त्याच्याकडे सगळ्या पानांचे डोळे लागलेले असतात. चमचा बिचारा तुर्की-फारसीच्या वाटेने आपल्या भाषेत आला, स्वयंपाकघरात रुळला आणि पुढे राजकारणात जाऊन बदनाम झाला. बड्या माणसाच्या पुढेपुढे करणाऱ्याला आपण ‘चमचा’ म्हणतो. त्यामुळे ‘मी ब्रिटिश राजघराण्याच्या आठवणीचे चांदीचे चमचे जमवतो’ असे चारचौघांत सांगितले की पहिला हशा ठरलेला. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: ‘चांदीचा भाव काय झालाय ठाऊक आहे ना? मग मोडून का टाकत नाही?’ आणखी एक प्रश्न बहुधा हळू आवाजात येतो. ज्यांनी दीडशे वर्षे आपल्याला लुटले, त्यांच्या मुकुटाचे चमचे मराठी माणसाने कपाटात का जपावेत?

हशात मीही सामील होतो. उरलेले दोन प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, आणि ते वरवर दिसतात तेवढे वेगळेही नाहीत. आजचा लेख त्या दोन प्रश्नांसाठी.

आधी हे चमचे म्हणजे काय, ते सांगायला हवे. इंग्लंडच्या राजघराण्यात काही घडले, म्हणजे राज्याभिषेक, कारकिर्दीची पंचवीस, पन्नास किंवा साठ वर्षे, एखादे लग्न, की त्या प्रसंगाची आठवण म्हणून लहानसहान वस्तू बाजारात येतात. कप, बशा, पत्र्याचे डबे, पदके आणि चमचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेने आणि आगबोटीने हिंडणारा मध्यमवर्ग तयार झाला. खिशात मावणारा, भेट देता येणारा आणि वेळ आली तर मोडता येणारा चांदीचा चमचा ही त्याला फार सोयीची आठवण वाटली. अमेरिकेत सेलम नावाच्या गावी डॅनियल लो या जवाहिऱ्याने १८९० च्या सुमारास तिथल्या चेटकिणींच्या जुन्या खटल्यांची आठवण म्हणून एक चमचा काढला. तो इतका खपला की गावोगावचे आणि प्रसंगोप्रसंगीचे चमचे काढण्याची लाटच आली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी असे चमचे भरपूर केले. दांड्याच्या टोकाला मुकुट किंवा राजाराणीचे मुखवटे, कधी त्यावर रंगीत मिनाकाम, खोलगट भागात एखाद्या इमारतीचे चित्र आणि कुठेतरी तारीख. वजन साधारण तोळाभर, थोडे इकडे किंवा तिकडे. माझ्याकडे असे ४१ आहेत.

बँकेने १९९२ ते १९९५ अशी तीन वर्षे मला लंडनच्या शाखेत पाठवले होते. तिथे हा नाद लागला. बर्मंडसीचा जुन्या वस्तूंचा बाजार शुक्रवारी भल्या पहाटे भरे. बॅटरीच्या उजेडात लोक चांदी निरखत उभे असत आणि कचेरीच्या वेळेपर्यंत निम्मा व्यवहार आटोपलेला असे. त्या बाजाराला एक जुना कायदा लागू होता. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात उघड बाजारात, काही काळेबेरे माहीत नसताना घेतलेल्या वस्तूवर खरेदीदाराची मालकी पक्की होई; मग ती वस्तू मुळात चोरीची का असेना! तारणाची मालकी तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून घाम फुटला होता. १९९५ च्या जानेवारीत तो नियम रद्द झाला. दुसरी जागा होती चान्सरी लेनमधले सिल्व्हर व्हॉल्ट्स. १८८५ मध्ये श्रीमंतांच्या ठेवी ठेवण्यासाठी बांधलेले ते तळघर. पुढे तिथे चांदीवाल्यांनी दुकाने थाटली. जाड पोलादी दरवाजे पाहून मला आपल्या लॉकर-रूमची आठवण येई आणि उगाच घरच्यासारखे वाटे.

सिंह, नांगर आणि मुकुट

तिथेच मी चमचा उलटा करून वाचायला शिकलो. चमच्याची सुलट बाजू राजाबद्दल बोलते, उलट बाजू खरे बोलते. तिथे चार-पाच बारीक ठसे असतात. चालणारा सिंह दिसला, तर चांदी इंग्लंडात तपासलेली आणि साडेब्याण्णव टक्के शुद्ध. हा सिंह १५४४ पासून आहे. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, किल्ला म्हणजे एडिनबरा. एक अक्षर असते, त्यावरून साल कळते, आणि कारागिराची आद्याक्षरे असतात. आज आपण सोने घेताना ‘हॉलमार्क आहे का?’ असे विचारतो. त्या शब्दातला ‘हॉल’ म्हणजे लंडनचे गोल्डस्मिथ्स हॉल; १४७८ पासून तिथे चांदी आणून ठसा मारून घ्यावा लागे. आपल्याकडे सरकारी मानक संस्थेने चांदीला हॉलमार्क देण्याची सोय २००५ मध्ये केली.

गंमत अशी, की बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी नांगर आहे. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन गावांना १७७३ मध्ये चांदी तपासण्याचा अधिकार मिळाला. त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनमध्ये ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत बसत, म्हणून एका गावाने नांगर घेतला आणि दुसऱ्याने मुकुट, असे सांगतात. खरेखोटे काही असो, शेफील्डचा ठसा १९७४ पर्यंत मुकुट होता, एवढे नक्की. त्यामुळे नवखा माणूस चमच्याच्या पाठीवर मुकुट पाहतो आणि ‘हा खास राजवाड्यातला’ म्हणून दुप्पट पैसे मोजतो. प्रत्यक्षात तो मुकुट फक्त गावाचा पत्ता सांगत असतो.

दुसरा फसवा ठसा राणीच्या मुखवट्याचा. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या सालच्या चमच्याच्या पाठीवर राणीचे बारीक तोंड दिसते. विकणारा सांगतो, हा महोत्सवाचा खास शिक्का. तसे काही नाही. १७८४ ते १८९० या काळात इंग्लंडात चांदीवर कर होता, आणि कर भरला की राजाचे किंवा राणीचे तोंड ठोकत. म्हणजे ती आठवण नव्हे, कर भरल्याची पावती! १८९० मध्ये कर उठला, म्हणून १८९७ च्या हीरकमहोत्सवी चमच्यावर राणीचा तो ठसाच नाही. खरोखरीचे स्मरणाचे ठसे पुढे आले. पंचम जॉर्जच्या कारकिर्दीला १९३५ मध्ये पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने राजा आणि राणी मेरी यांची जोडतोंडे, आणि १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वेळी तिचे एकटीचे तोंड.

सिंहच नसेल आणि नुसती ‘ईपीएनएस’ अशी चार इंग्रजी अक्षरे असतील, तर तो चमचा जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा दिलेला आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी औषधालाही नसते. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण चांदी जशी चिकटत नाही तसे जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही.

न झालेले राज्याभिषेक

तारखा वाचायला लागले की आणखी मौज येते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. कप तयार, पदके तयार, चमचे तयार. दोन दिवस आधी राजाच्या पोटात अपेंडिक्सच्या दुखण्याने गळू झाल्याचे निघाले आणि २४ जूनला सर फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांनी राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली. राज्याभिषेक झाला ९ ऑगस्टला. पण ज्यांच्यावर दिवसाची तारीख आहे अशा त्या सालच्या असंख्य वस्तूंवर जूनचीच तारीख राहिली. न घडलेल्या दिवसाची आठवण चांदीत कोरलेली!

त्याहून मोठी गोष्ट आठव्या एडवर्डची. जानेवारी १९३६ मध्ये तो गादीवर आला, राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला, आणि डिसेंबर १९३६ मध्येच त्याने गादी सोडली. कारखान्यांतून तोवर वस्तूंचे ढीग पडले होते. त्याच १२ मे रोजी, त्याच जागी, त्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे सहाव्या जॉर्जला मुकुट घातला गेला. कार्यालय तेच, मुहूर्त तोच, नवरदेव मात्र दुसरा, अशातली गत झाली. आठव्या एडवर्डचा चमचा फार दुर्मिळ, असे सांगून लोक तो विकायला आणतात. ते खरे नाही. त्याच्या नावाचे नाणे ब्रिटनमध्ये चलनात आलेच नाही, म्हणून ते दुर्मिळ. स्मरणवस्तू मात्र आधीच मुबलक तयार झाल्या होत्या, आणि गादी सोडल्याच्या कुतूहलामुळे लोकांनी त्या जपून ठेवल्या.

हाच एडवर्ड युवराज असताना १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला. त्या दिवशी शहरात बहिष्कार होता, परदेशी कापडाची होळी झाली, आणि दंगल उसळून माणसे मेली. गांधीजींनी ती थांबावी म्हणून उपवास केला. आणि दोनच दिवसांनी पुण्यात त्याच युवराजाच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली; त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मोठी खटपट केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही महाराष्ट्रातल्या, आणि मध्ये अंतर दोन दिवसांचे. ‘आपण त्या काळी राजाबद्दल काय समजत होतो?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणाऱ्याने हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत.

२२ जून १८९७

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येतो. माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. ते एकदा माझा खण पाहून म्हणाले, ‘अहो, हा गळ्यातला पट्टा आहे. चांदीचा आहे म्हणून काय जपून ठेवायचा?’ ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच मला नीट उत्तर देणे भाग होते.

मी त्यांच्या हातात एक चमचा दिला. व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचा. दांड्यावर म्हातारी राणी, खाली १८३७ आणि १८९७ ही दोन साले. हा उत्सव लंडनमध्ये २२ जून १८९७ रोजी झाला. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणलेल्या फौजांची मिरवणूक सेंट पॉल्सच्या देवळापर्यंत गेली. राणीला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून ती गाडीतच बसून राहिली आणि प्रार्थना देवळाबाहेर पायऱ्यांवर झाली. एवढे चमच्याच्या कारागिराला ठाऊक होते.

त्याच दिवशी पुण्यातही उत्सव होता. गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यात मेजवानी होती. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. पुण्याने नुकताच प्लेग भोगला होता. देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ होता. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले होते, आणि त्या कारभाराचा प्रमुख होता वॉल्टर चार्ल्स रँड. मेजवानी आटोपून रात्री गाड्या परतू लागल्या तेव्हा दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी. आयर्स्ट तिथेच मेला, रँड ३ जुलैला. पुढे दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे १८९८ आणि १८९९ मध्ये फासावर गेले. लोकमान्यांना त्याच वर्षी ‘केसरी’तील लिखाणाबद्दल राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सजा झाली. १९७९ साली निघालेल्या मराठी चित्रपटाचे नावच ‘२२ जून १८९७’ असे आहे.

माझ्या स्नेह्यांना ही सगळी हकीकत माझ्यापेक्षा जास्त चांगली ठाऊक होती. वर्गात त्यांनी ती किती पिढ्यांना सांगितली असेल. पण हातातला चमचा आणि ती हकीकत एकाच दिवसाची आहे, हे त्यांच्या मनात आले नव्हते. ते चमचा उलटसुलट करत बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे हा पुरावा आहे.’

मला एवढेच म्हणायचे होते. मालकाने मोठ्या थाटात साजरा केलेला दिवस आणि त्याच दिवशी आपल्याकडे घडलेली गोष्ट, या एकाच पावतीच्या दोन बाजू आहेत. पावती फाडली म्हणून कर्ज घेतलेच नव्हते असे होत नाही. फक्त हिशेब करणे अवघड होते. बँकेत मी पाहिले आहे, की जुनी कागदपत्रे जाळायची घाई प्रामाणिक माणसाला क्वचितच असते.

आपल्या शहरांनीही हेच केले, फक्त आपल्या ते लक्षात येत नाही. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाची सर्वांत मोठी स्मरणवस्तू मुंबईत उभी आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसला ते नाव त्याच निमित्ताने मिळाले होते. १९९६ मध्ये आपण नाव बदलले, इमारत पाडली नाही. आज तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची पाटी आहे आणि लाखो माणसे रोज तिच्यातून जा-ये करतात. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट त्याच १८८७ सालची. १९९७ मध्ये ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाची झाली, आणि ‘व्हीजेटीआय’ ही चार अक्षरे जशीच्या तशी राहिली. एवढे देखणे नामांतर क्वचितच होते!

आणि गेटवे? माझ्याकडे पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे चार चमचे आहेत. तो राज्याभिषेक २२ जून १९११ चा. पुन्हा तीच बावीस जून. त्याच वर्षी २ डिसेंबरला राजाराणी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले आणि पुढे १२ डिसेंबरला दिल्लीचा दरबार झाला. त्यांच्या येण्याची आठवण म्हणून कमान बांधायला घेतली, ती पुरी झाली १९२४ मध्ये. म्हणजे राजा त्या कमानीखालून आलाच नाही. पण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी मात्र त्याच कमानीतून बाहेर पडली. येण्याच्या आठवणीसाठी बांधलेले दार जाण्याच्या कामी आले! ती कमान आपण पाडली असती, तर ही गोष्ट नातवंडांना कुठे उभे राहून सांगितली असती?

म्हणून माझ्या खणात १९५३ चा चमचाही वेगळ्या कापडात असतो. १९३७ चा सहावा जॉर्ज आपलाही राजा होता. १९५३ ची एलिझाबेथ आपली राणी नव्हती. मध्ये २६ जानेवारी १९५० येऊन गेली होती. पंडित नेहरू त्या राज्याभिषेकाला हजर होते, ते एका प्रजासत्ताकाचे पंतप्रधान म्हणून. दोन्ही चमच्यांवर मुकुट जवळपास सारखाच दिसतो. फरक मुकुटात पडलेला नाही, पाहणाऱ्यात पडला आहे.

मुशीत काय काय जाते

आता राहिला भावाचा प्रश्न, आणि खरी काळजी मला त्याचीच आहे. १९७९-८० मध्ये टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी खरेदी करण्याचा सपाटा लावला. जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला आणि २७ मार्चला तो डाव कोसळला. दरम्यान इंग्लंड-अमेरिकेतील घराघरांतून आजी-पणजीची चांदी बाहेर निघाली आणि मुशीत गेली. भाव खाली आला. वितळलेले परत आले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने ती पन्नास डॉलरची पातळी ओलांडली. आपल्याकडे तेव्हा दिवाळी होती. सराफांच्या दुकानांत घेणारे होते, तसे मोडीला आणणारेही होते.

आमच्या पेठेतले सराफ सज्जन आहेत. त्यांच्याकडे असा चमचा नेला की ते तो कसावर लावतात, काट्यावर टाकतात, घट धरतात आणि भाव सांगतात. त्यांचे काहीच चुकत नाही. बँकेत दागिन्यांवर कर्ज देताना आम्हीही तेच करत होतो. घडणावळ शून्य, खडे वजा, निव्वळ वजन एवढे. तारणाच्या रजिस्टरात सगळ्याला रकाने असतात. वस्तू कुठून आली, कुणी दिली, त्या दिवशी काय घडले, याला रकाना नसतो. तो रकाना घरच्या माणसांनीच आखायचा असतो. तोळाभर वजनाच्या चमच्यातून गरजेच्या वेळी आजारपणाचा खर्च भागत असेल, तर तो जरूर मोडावा. माणसापुढे चमचा मोठा नाही. पण खण मोकळा करायचा म्हणून, किंवा भाव आला म्हणून, न वाचता मोडू नये.

वाचकहो, असा चमचा आपल्याकडे कशाला असेल, असे म्हणू नका. विलायतेला जाऊन आलेल्या आजोबांची पेटी, संस्थानात नोकरी केलेल्या पणजोबांचे कपाट, मुंबईच्या चोरबाजारात हौसेने घेतलेल्या वस्तू, अशा कुठेही तो निघू शकतो. बाळाच्या उष्टावणाच्या चांदीच्या वाटीबरोबर तो वर्षानुवर्षे बिनबोभाट नांदतही असेल. तो निघाला तर चार गोष्टी करा. एक, टूथपेस्ट किंवा राखुंडी लावून घासू नका. आधी ठसे झिजतात, मग मुलामा जातो. दोन, रबरबँड घालून ठेवू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ सुती कापडात गुंडाळा. तीन, विकायचाच असेल तर मोडीचा भाव आणि वस्तूचा भाव असे दोन्ही विचारा. चार, परदेशातल्या मुलाला देण्याआधी १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. १८९७ चा चमचा त्या शंभरीच्या केव्हाच पुढे गेला आहे.

याउलट, ‘राणीच्या ताटातला चमचा’ म्हणून कुणी गळ्यात मारू लागला, तर नमस्कार करून निघा. हे चमचे राणीने पाहिलेही नव्हते. ते दुकानात विकण्यासाठी हजारोंनी केले गेले. त्यांच्यावर गुंतवणूक म्हणून पैसे लावणाऱ्याला मी बँकेतली मुदत ठेव सुचवीन. साम्राज्याच्या आठवणीने गहिवरून ते जमवणारेही लोक मला भेटले आहेत. त्यांचा आणि माझा खण बाहेरून सारखा दिसेल. आतल्या चिठ्ठ्या वेगळ्या आहेत.

होय, चिठ्ठ्या. माझ्या प्रत्येक चमच्याबरोबर पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी आहे. एका बाजूला चमचा काय सांगतो ते: प्रसंग, साल, गाव, कारागीर, वजन, कुठे आणि केवढ्याला घेतला. दुसऱ्या बाजूला चमचा काय सांगत नाही ते: त्या दिवशी, त्या वर्षी आपल्याकडे काय चालले होते. १८९७ च्या चिठ्ठीची मागची बाजू पुण्याची आहे. १९०२ ची चिठ्ठी पोटदुखीची. १९३६ ची १७ आणि १९ नोव्हेंबर १९२१ ची. मुलांना मी सांगून ठेवले आहे, माझ्यामागे चमचे कुणाला द्यायचे त्याला द्या, विका, पण चिठ्ठी आणि चमचा यांची ताटातूट करू नका. चिठ्ठीशिवाय तो तोळाभर चांदी आहे.

शेवटी एका चमच्याची गोष्ट सांगतो. तो माझ्याकडे नाही, असणे शक्यही नाही. तो लंडनच्या किल्ल्यात राजाच्या मुकुटांबरोबर ठेवलेला आहे. बाराव्या शतकातला हा चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चमचा. राज्याभिषेकात पवित्र तेल त्यात ओततात आणि धर्मगुरू त्यात बोटे बुडवून राजाला अभ्यंग करतो. आपल्या पळीचाच तो भाऊ म्हणायचा. १६४९ मध्ये इंग्रजांनी आपल्या राजाचे, पहिल्या चार्ल्सचे, डोके उडवले, राजेशाही मोडीत काढली आणि मुकुट-दागिने फोडून वितळवले. त्यांची नाणी पाडली. हा चमचाही विक्रीला निघाला. तो घेतला क्लेमंट किनर्स्ली नावाच्या माणसाने. तो कुणी सरदार नव्हता, राजवाड्याच्या सामानसुमानाची देखभाल करणारा नोकर होता. त्याने सोळा शिलिंग मोजले आणि चमचा सांभाळून ठेवला. बारा वर्षांनी, १६६१ मध्ये, दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी तो परत गेला. मुकुट सगळे नवे करावे लागले. चमचा मात्र जुनाच होता. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सला त्याच चमच्यातल्या तेलाने अभ्यंग झाला. पडद्याआड, कुणाला न दिसेल असा.

त्या राजाबद्दल मला काही वाटत नाही. किनर्स्लीबद्दल वाटते. सारे शहर वजनाच्या भावाने विचार करत असताना त्याने एक वस्तू बाजूला काढून ठेवली. राजेशाही परत येईल की नाही, हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हते. मी त्याच्या जागी असतो, तर चमच्याबरोबर एक चिठ्ठीही ठेवली असती, आणि मागच्या बाजूला लिहिले असते, की याच वर्षी या देशातल्या लोकांनी राजालाही न्यायासनापुढे उभे केले.

सराफाच्या काट्यावर ठेवण्याआधी तुमच्या घरातला चमचा एकदा उजेडात धरा. राजाचे तोंड सोडून द्या, तारीख शोधा. आणि त्या तारखेला आपल्या घरात, आपल्या गावात काय चालले होते, ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा. चांदी उद्याही मोडता येईल. ते माणूस उद्या सांगायला असेलच असे नाही.